फायरप्लेसचा धूर घरात येतोय, बाहेरून हवेचा पाइप टाकायचा का?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण इथे कुणीतरी यातला जाणकार असेल म्हणून टाकतेय. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून जवळच. घर १९८४ चं, २२०० स्क्वेअर फूट, फॅमिली रूममध्ये विटांची उघडी फायरप्लेस, चिमणी बाहेरच्या भिंतीला लागून. घर घेतल्यापासून सहा हिवाळे मस्त पेटत होती, धुराची तक्रार म्हणून कधी नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही घराचं मोठं काम काढलं, खिडक्या सगळ्या नव्या, ॲटिकमध्ये फोम, बेसमेंटच्या वरच्या कडेच्या फटी बुजवल्या, आणि किचन. किचनमध्ये नवऱ्याने हौसेने शेगडीवरची हवा बाहेर टाकणारा ९०० सीएफएमचा हूड बसवून घेतला, कारण खाली फोडणी दिली की वरच्या कपाटातल्या जॅकेटांना आठवडाभर हिंगाचा वास येतो ही माझीच कटकट.

तर परवा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर उणे बारा, घरात वीसेक बायका काळ्या साड्या नेसून, फायरप्लेस पेटवलेली, तासभर सगळं छान. मग आईने (पुण्याहून आलीय) वडे तळायला घेतले, हूड फुल केला, दारं-खिडक्या बंद. पाच मिनिटं झाली नसतील तोच फायरप्लेसच्या वरच्या कडेखालून धुराची एक जीभ बाहेर आली, आत गेली, परत आली, आणि मग जी आली ती आलीच. वर लावलेला फॅमिली फोटो दिसेना. अलार्म बोंबलायला लागला. कुणीतरी पुढचं दार उघडलं आणि काय आश्चर्य, धूर आपोआप मागे वळून चिमणीत गेला. दार लावलं, परत बाहेर. या वर्षी वाण म्हणून धुराचा वास दिला असं नणंद सगळ्यांना सांगत सुटलीय.

चिमणी ऑक्टोबरात साफ करून घेतली होती. डँपर (चिमणीच्या तोंडाची झडप) पूर्ण उघडा होता. लाकूड ॲशचं, दोन वर्षं शेडमध्ये वाळलेलं, मीटरवर १७ टक्के ओल दाखवतं. (ॲशचं लाकूड इकडे अजूनही स्वस्तात मिळतं, त्या हिरव्या बोरर किड्याने सगळी झाडं मारली, अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो आमच्याच डेट्रॉइटजवळ, २००२ मध्ये.) म्हणजे लाकडाचा दोष नाही.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मागच्या भिंतीतून चार इंची पाइप काढू, फायरप्लेसमध्ये बाहेरची हवा सोडू, प्रश्न मिटला. माझा प्रश्न एवढाच की खरंच मिटेल का? नुसत्या भिंतीला भोक पाडून पैसे घेऊन जाईल अशी भीती वाटतेय.

बंबात_जाळ

ताई, आम्ही सांगलीकडचे, फायरप्लेस कधी पेटवली नाही, पण तांब्याच्या बंबावर आयुष्य गेलं. लहानपणी सकाळी बंब पेटवायचं काम माझ्याकडे. मधल्या नळकांड्यात चिपाडं, नारळाची किशी, वर दोन ढलप्या, खालून काडी. आदल्या दिवशीची राख खालून ओढून काढली नसेल तर कितीही रॉकेल ओता, पेटायचा नाही, नुसता धुमसायचा आणि डोळे लाल. आजी म्हणायची, आधी त्याचं नाक मोकळं कर. आणि नळीवरचं टोपण काढायचं राहिलं तर सगळा धूर खालच्या तोंडातून थेट आपल्या तोंडावर. म्हणजे वरून जायला वाट आणि खालून यायला वाट, दोन्ही लागतात. तुमच्या घराची खालची वाट तुम्ही फोमने बुजवलीत असं मला वाटतंय. बाकी जाणकार सांगतीलच.

पाना_पक्कड

काकांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. मी मिनेसोटात एचव्हीएसीच्या (घर तापवणं, गार करणं, हवा खेळवणं) धंद्यात आहे, रोज हेच बघतो.

ताई, तुमच्या घरात दोन चिमण्या एकमेकींशी भांडतायत. एक विटांची, तिला जोर फक्त गरम हवेचा. दुसरी किचनमधली, तिला मोटर आहे. आकडे बघा. ९०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट. तुमचं घर २२०० गुणिले आठ फूट छत म्हणजे साडेसतरा हजार घनफूट. म्हणजे हूड वीस मिनिटांत अख्ख्या घराएवढी हवा बाहेर टाकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे, घर काही फुग्यासारखं आकसत नाही. आधी ती खिडक्यांच्या फटींतून, ॲटिकमधून यायची आणि तुम्हाला नुसतं गार लागायचं. आता फटी बुजल्या, तर घरात उरलेलं सगळ्यात मोठं भोक कुठलं? फायरप्लेस. मग हवा तिकडूनच येणार, वाटेत जाळ असो नाहीतर नसो. दार उघडल्यावर धूर मागे वळला ना, तिथेच निदान झालं.

उघड्या फायरप्लेसची स्वतःची भूकही कमी नसते, चांगली पेटली की तीन-चारशे सीएफएम ती एकटीच खेचते, जळायला लागते त्याच्या कितीतरी पट जास्त. म्हणून तर समोर बसलेल्याच्या नडग्या भाजतात आणि मागच्या बेडरूममध्ये गारठा पडतो.

आता चार इंची पाइप. कागदावर गणित केलं तर पाच पास्कल दाबाला त्यातून साधारण तीसेक सीएफएम येते, तीसुद्धा पाइप आखूड नि सरळ असेल तर. तीस कुठे आणि नऊशे कुठे. हाच पाइप बंद काचेच्या चांगल्या स्टोव्हला पुरतो, कारण त्याची गरजच पंधरा-पंचवीस सीएफएमची. उघड्या फायरप्लेसला नाही.

एक विचारतो, कामाच्या आधी-नंतर ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा लावून घर किती गळतं ते मोजतात ती) केली होती का? रिबेटसाठी बहुतेक करतात. तो आकडा द्या.

तळ्याकाठची

हो केली होती, कागद सापडला. ५० पास्कलला आधी ३५०० सीएफएम, नंतर १५००. तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, इतका आनंद झाला होता.

पाना_पक्कड

आनंद व्हायलाच पाहिजे, गॅसचं बिल उतरलं असेल. पण आता याच आकड्यांवरून हूड फुल केल्यावर घरात किती ओढ तयार होते ते काढता येतं (फॉर्म्युला देत नाही, झोप येईल). जुन्या घरात ९०० सीएफएमला सुमारे ६ पास्कल. नव्यात २३ च्या आसपास. हूड प्रत्यक्षात पाटीवरचे ९०० कधीच ओढत नाही, डक्टची वळणं असतात, त्यामुळे थोडं कमी धरा. पण चौपटीचा फरक आहे. हूड तोच, पोकळी चौपट.

चिमणीची ओढ किती? सहा मीटरची चिमणी, बाहेर उणे बारा, नळी सगळी दीडशे डिग्री गरम असेल तर तीसेक पास्कल निघतात. पण उघड्या फायरप्लेसमध्ये खोलीची एवढी हवा मिसळते की नळी तितकी तापतच नाही, आणि तुमची तर बाहेरच्या भिंतीला, तीन बाजूंनी गार. जाळ उतरला की ती दहा-बारावर येते. मग २३ समोर दहा हरणारच.

आणि खरी भीती तिथेच आहे. मोठ्या जाळाचा धूर दिसतो, नाकात जातो, अलार्म वाजतो. रात्री उरलेल्या निखाऱ्याला धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइड (सीओ, विषारी वायू) मात्र भरपूर असतो. धुराच्या अलार्मला तो कळत नाही, त्यासाठी सीओचा अलार्म वेगळा, आणि तो झोपायच्या खोल्यांजवळ पाहिजेच. हूड, कपड्यांचा ड्रायर, बाथरूमचे पंखे हे निखारे पूर्ण विझेपर्यंत जपून.

घरी एक करून बघा. उदबत्ती लावा, फायरप्लेस थंड असताना तिच्या वरच्या कडेपाशी धरा, हूड एकेक स्पीडने वाढवत जा, धूर आत जातोय की अंगावर येतोय बघा. मग जवळची खिडकी इंचाइंचाने उघडत जा आणि कुठे वळतो ते लिहून ठेवा.

र्‍हाईनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. इथे हे सगळं कायद्यात बांधलेलं आहे. घरात लाकडाचा स्टोव्ह बसवला तर चिमणीवाला (शोर्नश्टाइनफेगर म्हणतात त्याला, काळे कपडे, नववर्षाला दिसला की शुभशकुन) येऊन सही करेपर्यंत पेटवता येत नाही. आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो स्टोव्हचा नाही, किचनच्या हूडचा. खोलीतली हवा घेणारा स्टोव्ह असेल तर हूडने घरात ४ पास्कलच्या वर पोकळी करता कामा नये. आमच्या खिडकीला एक छोटा स्विच लावलाय, खिडकी तिरकी उघडलेली नसेल तर हूडला करंटच जात नाही. पहिल्या हिवाळ्यात बायको रोज मला शिव्या घालायची, की उणे पाचमध्ये खिडकी उघडी टाकून फोडणी देतेय, पोहे गार होतायत. नंतर आम्ही बाहेर न टाकता कोळशाच्या फिल्टरमधून हवा आतच फिरवणारा हूड लावला. धूर-भांडण मिटलं, पण खरं सांगू का, सुक्या मासळीपुढे तो फिल्टर काही कामाचा नाही.

तुम्हाला २३ येतोय हे वाचून आमचा चिमणीवाला जागेवर बसला असता.

कडक_चहा

मी तो पाइप टाकून बसलोय, म्हणून दोन शब्द. विस्कॉन्सिन, जुनी उघडी फायरप्लेस, कॉन्ट्रॅक्टरने पश्चिमेच्या भिंतीतून काढला, चार इंचीच. वारा पश्चिमेचा असला की मस्त, जाळ नुसता भणभणतो. वारा पूर्वेचा झाला की पश्चिमेची भिंत वाऱ्याच्या आडोशाला जाते, तिथे हवा उलटी बाहेर ओढली जाते. एकदा रात्री बाहेरच्या जाळीतून गरम धूर येताना मी स्वतः पाहिलाय, साइडिंगपासून (भिंतीवरच्या बाहेरच्या पट्ट्यांपासून) हातभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी पाइप बंद केला. शिवाय पेटवलेली नसेल तेव्हा त्यातून गार वारा सरळ सोफ्याखाली.

घरबांधणीच्या कोडमध्ये यावर लिहिलेलं आहे, तुमच्या माणसाला विचारा वाचलंय का ते. बाहेरचं तोंड फायरबॉक्सपेक्षा उंचावर नको, गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नको, पाव इंची जाळी हवी, वाट सहा चौरस इंचांपेक्षा लहान नाही आणि पंचावन्नपेक्षा मोठी नाही. माझ्या माणसाने यातलं फक्त जाळीचं आणि मापाचं पाळलं होतं.

पाना_पक्कड

कडक_चहा यांचं बरोबर आहे, अगदी हेच होतं. पाइप म्हणजे पंखा नव्हे, हवा दाब असेल त्या दिशेने जाते, आपण बाण काढला त्या दिशेने नाही.

कोडचा विषय निघालाच आहे तर, घरात साधी चिमणी असलेलं काहीही जळत असेल, लाकूड धरून, तर ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बदली हवा (बाहेर टाकली तेवढी आत आणायची सोय) द्यावीच लागते, २०१५ च्या आयआरसीत (इथल्या घरबांधणीच्या नमुना कोडात) तर स्पष्ट आहे. प्रत्येक गावाने कुठली आवृत्ती घेतली ते वेगळं, तुमच्या सिटीत फोन करून विचारा. पण ताई, हवा फायरप्लेसला द्यायच्या ऐवजी हूडला द्या. उपाशी तो आहे.

आणि एक राहिलंच, खरं तर पहिल्यांदा हेच विचारायला हवं होतं. बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर कसला आहे? टाकीच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी, खाली बोटभर फट आणि वर पत्र्याचा पाइप, तसला? असेल तर आज रात्रीच एक टेस्ट करा. दारं-खिडक्या बंद, हूड फुल, ड्रायर चालू, बाथरूमचे पंखे चालू. मग नळाला गरम पाणी सोडून हीटर पेटू द्या, पाच मिनिटं थांबा, आणि त्या छत्रीच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर हीटरचा जळका वायू घरात येतोय, लगेच सगळे पंखे बंद करून खिडकी उघडा आणि इथे लिहा.

बंबात_जाळ

पानावाले साहेब, तुमचं वाचून आमच्या वाड्यातलं आठवलं. माजघरात शेगडी, दारं लावलेली, थंडीचे दिवस. आजोबा रात्री उठून दार किलकिलं करून यायचे, आम्हाला वाटायचं चोराला आमंत्रण देतायत.

तळ्याकाठची

सगळ्यांना धन्यवाद, शनिवार-रविवार यातच गेला. आईची मोगऱ्याची उदबत्ती, दोन पुडे संपले, घर देवळासारखं झालंय.

फायरप्लेस थंड. हूड एकवर (कागदावर ३०० लिहिलंय) धूर जागच्या जागी घुटमळतो, कधी आत कधी बाहेर. दोनवर सरळ अंगावर. तीनवर उदबत्तीचं टोक लालभडक होऊन राख माझ्या हातावर पडली, इतका वारा चिमणीतून खाली. मग शेजारची खिडकी उघडत गेलो, तीस इंच रुंद आहे. तीनवर चार इंच उघडली तेव्हा कुठे धूर थांबला. चार इंच! बाहेर उणे आठ, आई शाल गुंडाळून बघत होती, म्हणाली एवढ्यात मी अंगणात चूल मांडली असती.

मग बेसमेंट. हीटर तसलाच आहे, छत्रीवाला. पाना_पक्कड, तुम्ही म्हणालात तसं सगळं चालू करून पाच मिनिटं थांबलो. उदबत्तीचा धूर छत्रीखालून बाहेर. आणि मी हात जवळ नेला तर वाफट गरम हवा, ओलसर, बोटांना लागली. नवरा आधी मानायला तयार नव्हता, त्याने चष्मा धरला तर काच धुकटली. आम्ही दोघं काही न बोलता वर आलो आणि हूड बंद केला. गेले पाच महिने आम्ही रोज संध्याकाळी या हूडखाली स्वयंपाक करतोय आणि त्याच वेळी वर मुलांच्या आंघोळी चालू असतात. सीओचा अलार्म एकच होता, तोही वरच्या मजल्यावर आणि बनवल्याची तारीख बघितली तर बारा वर्षांपूर्वीची.

आज सकाळी तीन नवे आणले, एक बेसमेंटमध्ये, एक खाली, एक वर.

पाना_पक्कड

बरं झालं बघितलंत. तुमच्या हळदीकुंकवाच्या धुराला धन्यवाद द्या, त्याने आवाज तरी केला. हीटर गपचूप करत होता.

तुमचे आकडेही नीट जुळतायत. ३०० ला तुमच्या घरात चार पास्कलच्या जवळपास येतात, म्हणजे जर्मनीवाले म्हणाले तीच रेघ, आणि तुमची उदबत्तीही तिथेच घुटमळली.

आता काय करायचं. हूडचा वरचा स्पीड आजपासून बंद, टेक्निशियन बोलावून लॉकच करून घ्या. एकवर ठेवून मागच्या बर्नरवर तळण केलं तर बरंचसं काम होतं, भांडं हूडच्या खाली पूर्ण आलं पाहिजे एवढं बघा. पण एकसुद्धा काठावरच आहे, तेव्हा हीटरचं मिटेपर्यंत आणि फायरप्लेसमध्ये निखारा असेपर्यंत हूड लावला की खिडकी दोन बोटं उघडी. हीटर गॅसवाल्याकडून आधी तपासून घ्या, आणि बदलायचा झाला तर पॉवर व्हेंट (पंख्याने जळका वायू बाहेर ढकलणारा) किंवा हीट पंपवाला (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा) घ्या, हीट पंपाला चिमणीच लागत नाही. बदली हवेचा डक्ट घालाल तर त्यात मोटरचा डँपर आणि हूडला जोडलेला स्विच, हूड सुरू झाला की उघडेल, एरवी बंद. ती हवा तापवायचा विचार ९०० साठी करूच नका, उणे बारावरून दहा डिग्रीपर्यंत नुसती कोमट करायला बारा किलोवॅट लागतील, अख्ख्या घराचं वायरिंग परत काढावं लागेल. ३५०-४०० चा हूड ठेवलात तर त्याच्या निम्म्याहून कमी.

फायरप्लेस पुढच्या वर्षी. तिच्यात बंद इन्सर्ट (आत बसवायचा काचेच्या दाराचा स्टोव्ह) बसवायचा झाला तर त्याला थेट जोडलेला बाहेरचा पाइप घ्या, तिथे तुमचा चार इंची कामाला येईल. तोवर पेटवायची झाली तर खिडकी दोन इंच उघडी आणि पेटवायच्या आधी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून डँपरखाली धरा, गार चिमणी आधी थोडी तापू दे.

कडक_चहा

हीट पंपवाला हीटर बेसमेंट गार करतो हं, आवाजही येतो. आमच्याकडे आहे. पण उदबत्ती लावायला लागत नाही.

तळ्याकाठची

ठरलं. हीटरसाठी दोघांचे भाव मागवलेत, कॉन्ट्रॅक्टरला पाइपचं काम थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम मी एवढी वर्षं हे काम करतोय. मी म्हटलं उदबत्ती घेऊन या, बेसमेंटमध्ये दाखवते. अजून आलेला नाही. हूडवर नवऱ्याने तात्पुरती चिकटपट्टी लावलीय दोन आणि तीनच्या बटनांवर, आणि मिरच्या भाजायला इंडक्शनची शेगडी गराजचं दार वर करून तिथे मांडलीय. काल ठेचा तिथेच केला. शेजारचा बर्फ काढता काढता खोकत आत गेला.

र्‍हाईनकाठचा

त्याला वाटीभर नेऊन द्या.